मुंबईतील काँग्रेस : चोवीस जागांमागचा हिशेब

16 जानेवारी 2026 रोजी मुंबई महानगरपालिकेचा निकाल लागला. 227 जागांपैकी भारतीय जनता पक्षाला 89, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला 65, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला 29 आणि काँग्रेसला 24 जागा मिळाल्या. उरलेल्या वीसमध्ये एमआयएम 8, मनसे 6, राष्ट्रवादी 3, समाजवादी पक्ष 2 आणि शरद पवारांची राष्ट्रवादी 1. पुढचे काही आठवडे चर्चा झाली ती दोन ठाकरे बंधू एकत्र येऊनही का हरले याची आणि महापौर कोणाचा होणार याची. काँग्रेसच्या चोवीस जागांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. ज्या पक्षाने या शहराचे राजकारण घडवले त्याच्या पराभवाची बातमीही होऊ नये, ही गोष्ट मला पराभवापेक्षा मोठी वाटली.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी नाही. मी नाहूरला राहतो, आणि निवडणुकांचे आकडे वहीत उतरवून ठेवण्याची मला जुनी सवय आहे. त्या वहीतली काँग्रेसची ओळ अशी आहे : 1985 साली 170 पैकी 37. 1992 साली 221 पैकी 112, म्हणजे स्वतःचे बहुमत. 1997 साली 49. 2002 साली साठच्या आसपास, 2007 साली सत्तरच्या पुढे. 2012 साली 52. 2017 साली 31. आणि आता 24.

ही ओळ पाहताना पहिला मोह होतो तो 2014 हे वर्ष मध्ये उभे करण्याचा. मोदींची लाट आली, हिंदुत्व आले, काँग्रेस गेली. पक्षाचे प्रवक्ते हेच सांगतात, आणि विरोधकांनाही ते मान्य असते, कारण त्यात त्यांचे कौतुक आहे. पण आकडे हे कारण पुरेसे मानू देत नाहीत. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतील सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. 2009 मध्ये सहाच्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीकडे आल्या. 1999 ते 2014 अशी सलग पंधरा वर्षे राज्यात याच आघाडीचे सरकार होते, त्यातली शेवटची दहा वर्षे दिल्लीतही. नेमक्या याच काळात 2002, 2007 आणि 2012 अशा महापालिकेच्या तीन निवडणुका काँग्रेस हरली. मनसेने शिवसेनेची मते फोडली होती त्या 2012 सालीही हरली. ज्या मतदाराने मनमोहन सिंगांसाठी हाताला मत दिले, त्यानेच गटार, नळ आणि दिवाबत्तीसाठी ते दिले नाही. लाटेने हे घडले म्हणावे तर लाट त्या वेळी काँग्रेसच्याच बाजूची होती.

मग कारण कुठे शोधायचे? मला ते मंत्रालयात सापडते.

मुंबईचे जे निर्णय पैशाचे आणि जमिनीचे असतात, ते महापालिकेच्या सभागृहात होतच नाहीत. चटईक्षेत्र निर्देशांक नगरविकास खाते ठरवते. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीत येते. रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो एमएमआरडीएकडे. आयुक्त राज्य सरकार नेमते. सभागृहाकडे उरते ती रोजची मुंबई : पाणी, कचरा, शाळा, दवाखाने, नाले, बेस्ट. पंधरा वर्षे राज्याची सत्ता हाती असलेल्या पक्षाने साधा हिशेब केला. शहर मंत्रालयातून चालवता येत असेल, तर प्रभागात घाम कशाला गाळायचा? हा हिशेब कोणत्याही बैठकीत मंजूर झालेला नसेल, पण पक्षाची सगळी वागणूक त्याप्रमाणेच झाली. शिवसेनेकडे मंत्रालय नव्हते, तिला महापालिकेवरच जगायचे होते, म्हणून तिने शाखा टिकवली. 2014 मध्ये मंत्रालय गेले तेव्हा काँग्रेसला वळून पाहावे लागले, आणि मागे काहीच नव्हते.

ही सवय फार जुनी आहे. मुंबईची काँग्रेस समिती ही महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचा भाग नाही. तिचा दर्जा स्वतंत्र आहे आणि तिचा अध्यक्ष थेट दिल्लीहून नेमला जातो. स. का. पाटील यांच्या काळात या रचनेला दरारा होता. ते तीन वेळा महापौर झाले, पुढे केंद्रात मंत्री झाले आणि शहराचे अनभिषिक्त राजे म्हणवले गेले. त्या दराऱ्याची किंमत पक्षाने 1957 साली मोजली. संयुक्त महाराष्ट्राला विरोध करणाऱ्या काँग्रेसला मुंबईकरांनी महापालिकेतून घालवले, समितीचे मो. वा. दोंदे महापौर झाले, आणि पुढच्या वर्षी कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर. 1967 मध्ये खुद्द पाटलांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले. राजा गेला, रचना राहिली. मुरली देवरा 1981 ते 2003 अशी बावीस वर्षे अध्यक्ष होते. त्यानंतरच्या बावीस-तेवीस वर्षांत गुरुदास कामत, कृपाशंकर सिंह, जनार्दन चांदूरकर, संजय निरुपम, मिलिंद देवरा, एकनाथ गायकवाड, भाई जगताप आणि वर्षा गायकवाड असे आठ जण त्या खुर्चीवर आले. यांतले कृपाशंकर सिंह आज भाजपमध्ये आहेत, निरुपम आणि मिलिंद देवरा शिंदे यांच्या शिवसेनेत. दिल्लीने नेमलेला अध्यक्ष प्रभागाला उत्तरदायी नसतो, तसा प्रभागही त्याला. मग तो गेला तर अडवणार कोण?

आता आमच्या भागाकडे येतो, कारण हा सगळा इतिहास इथे छोट्या मापात दिसतो.

नाहूर हे भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले स्टेशन. लोकल पकडणाऱ्याला ते या दोहोंमधल्या मोकळ्या जागेसारखे वाटते, आणि राजकारण्यांनाही तसेच वाटत असावे. मुलुंड हा भाजपचा बालेकिल्ला, भांडुप शिवसेनेच्या दोन तुकड्यांचे रणांगण. दोन्ही भाग ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात येतात. या मतदारसंघाचा 1984 ते 2004 हा वीस वर्षांचा इतिहास मोठा रंजक आहे. 1984 ला काँग्रेसचे गुरुदास कामत, 1989 ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, 1991 ला कामत, 1996 ला प्रमोद महाजन, 1998 ला कामत, 1999 ला किरीट सोमय्या, 2004 ला पुन्हा कामत. घड्याळाचा लंबक इतका नियमित हलत नाही. लंबक हलत होता याचा अर्थ दोन्ही बाजूंना वजन होते. महाजनांसारखा माणूस इथे दोन वर्षांत हरू शकत होता.

2009 साली मतदारसंघांची फेररचना झाली, कामत वायव्य मुंबईत गेले आणि ही जागा वाटपात राष्ट्रवादीला मिळाली. त्या वेळी संजय दिना पाटील जिंकले. 2014 आणि 2019 मध्येही जागा राष्ट्रवादीकडेच राहिली, दोन्ही वेळा हरली. 2024 मध्ये ती उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला गेली आणि तेच संजय दिना पाटील मशाल चिन्हावर निवडून आले. म्हणजे 2004 नंतर ईशान्य मुंबईच्या लोकसभा मतदानयंत्रावर हाताचे चिन्ह आलेलेच नाही. वाटाघाटीच्या टेबलावर एक जागा सोडणे ही नेत्यांसाठी पाच वर्षांची तडजोड असते. प्रभागातल्या कार्यकर्त्यासाठी तो चार निवडणुकांचा, वीस वर्षांचा खंड ठरतो. त्याने मतदारयादी घेऊन दारोदार जायचे ते घड्याळासाठी, मग मशालीसाठी. असा कार्यकर्ता एक तर दमतो किंवा ज्या चिन्हाचे काम करतो त्याचाच होऊन जातो. आज पस्तिशीत असलेल्या नाहूरच्या मतदाराला लोकसभेसाठी हाताला मत देण्याची संधी एकदाही मिळालेली नाही. त्याने काँग्रेसला सोडले असे म्हणता येणार नाही. त्याची तिच्याशी गाठच पडली नाही.

गाठ पडलेल्यांचे काय झाले याचा एक नमुना भांडुपच्या प्रभाग 116 मध्ये मिळतो. फेब्रुवारी 2017 मध्ये काँग्रेसचे सगळीकडे पानिपत होत असताना इथे काँग्रेसच्या प्रमिला पाटील निवडून आल्या. काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या सून जागृती पाटील भाजपच्या तिकिटावर उभ्या राहून जिंकल्या. या निकालाने शिवसेना इतकी सावध झाली की त्याच आठवड्यात मनसेचे सहा नगरसेवक तिने आपल्याकडे ओढले. वर्तमानपत्रांत गाजले ते ते सहा. मला मात्र प्रश्न पडला तो वेगळा. आठ महिन्यांपूर्वी हाताला पडलेली मते कमळाकडे एवढ्या सहज कशी गेली? उत्तर असे की ती मते हाताची नव्हतीच. एका घराने वर्षानुवर्षे केलेल्या कामाची ती मते होती. घर हलले, मते हलली. पक्ष तिथे भाडेकरू होता.

भाडेकरू होण्याआधी पक्षाचे स्वतःचे काय होते, हेही पाहायला हवे. मुंबईत काँग्रेसचे दोन पाय होते, कामगार संघटना आणि झोपडपट्टी. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला आणि तो इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. कायद्याने मान्यता मिळाल्यावर कामगाराची मान्यता मिळवण्याची निकड राहत नाही. मग 18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले. हे डॉक्टर आमच्या घाटकोपरचे, 1972 साली काँग्रेसच्याच तिकिटावर विधानसभेत गेलेले, आणीबाणीत काँग्रेसच्याच सरकारने तुरुंगात टाकलेले. संप फसला, गिरण्या गेल्या. इकडे भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखानेही एकेक करून बंद झाले किंवा आटले. गेस्ट कीन विल्यम्सचा भोंगा गेला, एशियन पेंट्सचे उत्पादन थांबले, सिएट तेवढे तग धरून आहे. कारखान्यांच्या जागी मनोरे आले. त्या मनोऱ्यांतला सुरक्षारक्षक, घरकाम करणारी बाई, सामान पोचवणारा मुलगा हाच आजचा कामगार आहे. त्याची संघटना बांधण्याचा विचार ना इंटकने केला ना डाव्यांनी. (डाव्यांचा हिशेब हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मिरजकरांच्या या शहरात या वेळी कम्युनिस्टांचा एकही नगरसेवक नाही.)

झोपडपट्टीची गोष्ट अधिक बोलकी आहे. 1976 साली झोपड्यांची गणना झाली, फोटोपास मिळाले, आणि तो कागद मिळवून देणारा माणूस म्हणजे काँग्रेसवाला अशी ओळख उपनगरांत पक्की झाली. 1992 चे बहुमत त्या कागदावर उभे होते, आणि रिपब्लिकन पक्षाशी असलेल्या युतीवर. त्या वर्षी महापौर झाले ते रिपब्लिकन चंद्रकांत हंडोरे. 1995 साली युती सरकारने पुनर्वसन योजना आणली. मोफत घराची घोषणा शिवसेनेची होती, पण खरा बदल दलालीचा होता. कागद मिळवून देणारा कार्यकर्ता मागे पडला आणि संमतीपत्रे गोळा करणारा विकासकाचा माणूस पुढे आला. काँग्रेसने याला पर्याय दिला नाही. उलट 2004 च्या निवडणुकीत 2000 सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन देऊन ती सत्तेवर आली, आणि त्याच हिवाळ्यात विलासराव देशमुख सरकारने हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरवला. मुंबईचे शांघाय करायचे होते ना! गरिबांच्या पक्षाचे गरिबांशी असलेले नाते त्या काही आठवड्यांत जितके तुटले तितके कोणत्याही हिंदुत्ववाद्याला तोडता आले नसते.

भांडुपला मुंबईचे सर्वांत मोठे जलशुद्धीकरण संकुल आहे. शहराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तिथून जातो. त्याच डोंगराच्या उतारावरच्या वस्त्यांत हंडे-कळशांची रांग असते. जलवाहिनीच्या शेजारी राहून पाणी विकत घेणारे लोक ज्या शहरात आहेत तिथे मध्य-डाव्या पक्षाला कार्यक्रम शोधायला दिल्लीला जावे लागू नये. पण अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही, हा निकाल डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाकडून मिळवला तो पाणी हक्क समितीने. ते काम कोणत्याही पक्षाने केले नाही. साठ-सत्तरच्या दशकांत गोरेगावच्या मृणाल गोरे हेच काम करून ‘पाणीवाली बाई’ झाल्या, नगरसेविकेपासून लोकसभेपर्यंत गेल्या. तो वारसा समाजवादी पक्षांना सांभाळता आला नाही. प्रजा समाजवाद्यांनी तर 1968 साली शिवसेनेशीच युती करून तिला महापालिकेचे दार उघडून दिले. काँग्रेसला तो वारसा उचलता आला असता. दार उघडेच होते.

सगळ्यात खेदाची बाब कायद्याची आहे. महापालिकांना घटनात्मक दर्जा देणारी 74 वी घटनादुरुस्ती काँग्रेस सरकारने केली. 2005 च्या नागरी नवीकरण योजनेत लोकसहभागाच्या कायद्याची अट घातली तीही काँग्रेसनेच. त्या अटीपोटी 2009 मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. गावात ग्रामसभा असते तशी काही मतदानकेंद्रांच्या परिसरातील मतदारांची सभा, जिथे नगरसेवकाने येऊन उत्तर द्यायचे. ती मुंबईत कधी भरली नाही. सरकार काँग्रेसचे, कायदा काँग्रेसचा, आणि तो बासनात बांधून ठेवणारीही काँग्रेसच. राज्यातल्या आमदार-मंत्र्यांना प्रभागात दुसरा आवाज नको होता, हे त्याचे साधे कारण आहे.

मार्च 2022 ते जानेवारी 2026 अशी जवळपास चार वर्षे मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. 2025-26 चे 74,427 कोटींचे अंदाजपत्रक प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले, तेव्हा सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते. विरोधी पक्षासाठी यापेक्षा मोकळे मैदान असू शकत नाही. नगरसेवक नाहीत म्हणजे सत्ताधारी पक्षाचेही नाहीत. कायद्याची वाट न पाहता प्रभागागणिक क्षेत्रसभा घ्यायच्या, येईल त्या वीस-पंचवीस माणसांसमोर वॉर्ड ऑफिसचा खर्च वाचायचा, एवढे जरी 227 पैकी पन्नास प्रभागांत झाले असते तरी चित्र निराळे दिसले असते. पत्रकार परिषदा झाल्या, आयुक्तांना निवेदने दिली गेली. त्या चार वर्षांत पक्षाची सगळी हुशारी खर्च झाली ती कोणाबरोबर लढायचे यावर.

निकालानंतरचा वादही त्याच वाटेने चालला आहे. एक बाजू म्हणते, उद्धव ठाकऱ्यांबरोबर राहिलो असतो तर भाजपला अडवता आले असते. दुसरी म्हणते, मनसेबरोबर बसणे म्हणजे उत्तर भारतीय आणि मुस्लिम मतदार गमावणे, स्वबळच बरे. वर्षा गायकवाड यांनी दुसरी बाजू घेतली आणि वंचित बहुजन आघाडीशी समझोता केला. तत्त्व म्हणून मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. परप्रांतीयांना मारहाण करण्याचे राजकारण ज्यांनी केले त्यांच्याशी युती नाकारणे हे या पक्षाने अलीकडे केलेल्या थोड्या स्वच्छ गोष्टींपैकी एक आहे. 1992 च्या काँग्रेस-रिपब्लिकन मेळाची आठवणही त्यात होती. पण 1992 ला तो मेळ वस्तीत होता. या वेळी तो उमेदवारीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत झाला. वंचितला मुंबईत एकही जागा मिळाली नाही. आणि ज्या मुस्लिम मतदारासाठी एवढे केले, त्याने गोवंडी-मानखुर्दकडे एमआयएमला आठ जागांपर्यंत नेले. हक्काचा मतदार हा शब्द पक्ष कार्यालयांतून आता काढून टाकावा.

काँग्रेसच्या समर्थकांकडे यावर एक उत्तर असते : लातूर पाहा, कोल्हापूर पाहा, चंद्रपूर पाहा. खरे आहे. त्याच दिवशी लातूरची महापालिका काँग्रेसने स्पष्ट बहुमताने जिंकली, कोल्हापूर आणि चंद्रपुरात ती सर्वांत मोठा पक्ष ठरली, भिवंडीतही. पण लातुरात देशमुख घराणे आहे, कोल्हापुरात सतेज पाटील आणि त्यांच्या संस्था आहेत. भांडुपच्या प्रभाग 116 चीच ही मोठी आवृत्ती आहे. घर मजबूत असले की पक्ष उभा दिसतो. मुंबईतही जिथे जागा आल्या, त्या मालवणी आणि धारावीत काँग्रेसचे आमदार आहेत आणि त्यांचे वर्षानुवर्षांचे काम आहे. घराणी वाईटच असतात असे मी म्हणत नाही. पण घराण्याला पक्षाची जितकी गरज असते त्याहून पक्षाला घराण्याची जास्त असेल, तर घराणे दुसरीकडे जाण्याचा दिवस फक्त लांबतो.

मग पुढे काय? पक्षाचा सल्लागार होण्याची माझी पात्रता नाही, आणि बाहेरच्यांचे सल्ले हा पक्ष भरपूर ऐकून विसरतो. तरी माझे मत असे की युती की स्वबळ हा प्रश्न आज गैरलागू आहे. स्वबळ म्हणायला बळ लागते आणि युतीत मागायलाही. 227 प्रभागांत उमेदवार उभे करण्याचा हट्ट सोडून साठ-सत्तर प्रभाग निवडावेत, तिथला माणूस आजच नेमावा आणि तिकीट त्याचेच हे लिहून द्यावे. ते तिकीट शेवटच्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्याला देऊ नये. या एका गोष्टीने जितके कार्यकर्ते टिकतील तितके कोणत्याही शिबिराने टिकणार नाहीत. मुंबई समितीचा अध्यक्ष प्रभागातल्या सदस्यांनी निवडावा. हे दिल्लीला आवडणार नाही, पण स. का. पाटलांच्या काळापासूनचे दुखणे तिथेच आहे.

आणि काम? ते नव्याने तयार झाले आहे. पुनर्वसनाच्या इमारतींत गेलेल्या कुटुंबांना आता देखभालखर्च परवडत नाही. लिफ्ट बंद पडते आणि बाराव्या मजल्यावरची म्हातारी घरात अडकते. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला. शिवसेनेचे ते यश होते. पण भाड्याने राहणाऱ्याला त्याचा एक पैसा मिळाला नाही, आणि नाहूर-भांडुपमध्ये दर अकरा महिन्यांनी सामान हलवणारे भाडेकरू थोडेथोडके नाहीत. दर वेळी पत्ता बदलतो, त्यामुळे मतदारयादीत त्यांचे नाव बहुधा जुन्याच खोलीवर राहते. जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारा कामगार कोणत्याच करारात नसतो. यांचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न भाजपला पडत नाही आणि दोन्ही शिवसेनांना मराठी-अमराठी या भाषेतच पडतो.

2009 ची क्षेत्रसभेची तरतूद रद्द झालेली नाही. ती मुंबई महापालिकेच्या कायद्यात अजून तशीच आहे, आणि निवडून आलेल्या चोवीस जणांपैकी कोणालाही आपल्या प्रभागात ती सभा भरवण्याची मागणी सभागृहात करता येते. नव्या सभागृहाचे पहिले वर्ष अजून पुरे झालेले नाही.